कोर्ट नाक्यावरचा हिशेब

(ठाणे. सकाळचे साडेदहा.)

कोर्ट नाक्यावर या वेळेला रिक्षा मिळणं कठीण, आणि मिळालीच तर उतरायला जागा मिळणं त्याहून कठीण. काळे कोट, फायलींचे गठ्ठे, टायपिंगची टकटक. ठाणे जिल्हा न्यायालयाचा दिवस सुरू होतोय.

टपरीवर दोन ज्युनिअर वकील चहा घेतायत.

"कोणापुढे लागलंय मॅटर?"
"त्याच साहेबांपुढे."
"मग जामीन विसर."

साहेब कडक, साहेब मवाळ. ही मतं बनतात तीन-चार मॅटरांवर. मग भरपूर मॅटर मोजली तर? तरी फसायला होतं.

(कोर्टाचा व्हरांडा. बोर्ड वाचणारे पक्षकार.)

समजा, 30 न्यायाधीश आहेत, अगदी सारख्या कुवतीचे. प्रत्येकाच्या 25 निकालांवर अपील झालं आणि कुठलाही निकाल वर जाऊन फिरण्याची शक्यता 20 टक्के. म्हणजे सरासरी पाच फिरणार. पण कोणाचे तीन फिरतील, कोणाचे सात. यात नवल काहीच नाही. आणि तिसांपैकी निदान एकाचे नऊ किंवा जास्त फिरण्याची शक्यता? चारात तीन! त्या बिचाऱ्याचं बाररूममध्ये नाव होणार, आणि त्याचा दोष एवढाच की फासे तसे पडले. अपिलं 25 ऐवजी 100 असती, तर बहुतेकांचा आकडा 16 ते 24 मध्ये राहिला असता.

शिवाय ज्या निकालांवर कोणी अपीलच केलं नाही, ते या हिशेबात येतच नाहीत. पैसे संपले म्हणून गप्प बसलेला पक्षकार आकड्यांत समाधानी दिसतो.

(कोर्ट हॉलचं दार. पुकारा होतो.)

निकाली काढलेली प्रकरणं मोजावीत, तर चेक बाऊन्सची केस आणि खुनाचा खटला एका तराजूत कसे घालणार? म्हणून उच्च न्यायालयं प्रकारानुसार युनिटं, म्हणजे न्यायाधीशाच्या कामाचे गुण, ठरवून देतात. पण युनिटं आली की सोपं आधी उरकायचा मोहही आला. जुना, गुंतागुंतीचा दिवाणी दावा मात्र पुढच्या तारखेला.

(दुपारची सुट्टी. डबे उघडतात.)

2011 मध्ये इस्रायलच्या पॅरोल मंडळांचा एक अभ्यास गाजला. सत्राच्या सुरुवातीला सुमारे 65 टक्के अर्ज मंजूर, सुट्टीच्या तोंडावर जवळपास शून्य. भुकेले न्यायाधीश! जगभर बातमी झाली. मग टीकाकारांनी दाखवलं की वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणं बहुधा सत्राच्या शेवटी घेतली जात होती. कोणाचा अर्ज कधी येणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. भूक की क्रम, हे त्या आकड्यांतून वेगळं काढणं अवघड.

फ्रान्सने तर वेगळीच वाट धरली. बहुमताचा निर्णय बरोबर असण्याची शक्यता किती, याचं गणित फ्रेंच गणितज्ञ कॉन्दोर्से यांनी 1785 साली मांडलं, ते याच देशात. आणि 2019 मध्ये याच देशाने न्यायाधीशांची नावं घेऊन त्यांच्या निकालांची तुलना करायला कायद्याने बंदी घातली. शिक्षा, पाच वर्षांपर्यंत कैद. आपल्या टपरीवरचे ते दोघे तिथे असते तर जपून बोलले असते.

(संध्याकाळ. व्हरांडा रिकामा.)

आज इथे दिलेल्या निकालावरचं अपील सुनावणीला यायला कित्येकदा वर्षं जातात. न्यायाधीशांची बदली होते साधारण तीन वर्षांनी. निकाल टिकला की फिरला हे कळेल, तेव्हा तो देणारे साहेब दुसऱ्याच जिल्ह्यात बसलेले असतील.

टपरीवरचा ज्युनिअर परत आलाय. जामीन मिळाला म्हणे.