बाळाला काय लावायचं, आणि मुलाला कपडे घालायला कसं शिकवायचं?

नमस्कार. थेट विषयावर येते, कारण आज बोलायचं बरंच आहे.

मागच्या काही व्हिडिओंखाली दोन प्रश्न सतत येतायत. एक म्हणजे, "ताई, बाळाला क्रीम कोणती लावू?" आणि दुसरा, "आमचं मूल तीन वर्षांचं झालं, अजून स्वतः कपडे घालत नाही, काही काळजीचं आहे का?" दोन वेगळे व्हिडिओ करा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. मी मुद्दाम एकत्र घेतेय. कारण माझं म्हणणं दोन्हीकडे एकच आहे: मोठ्यांनी हात जरा आवरता घ्यायचा. त्वचेवर कमी लावायचं आणि कपडे घालताना कमी करायचं.

आंघोळीचं पटकन सांगून टाकते, बहुतेकांना माहीत आहे. पाणी कोमट, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास, कोपर बुडवून बघायचं. पाच-दहा मिनिटं पुरे. चोळून पुसायचं नाही, टिपून घ्यायचं. मान, काख, जांघा इथल्या घड्या कोरड्या करायच्या. पहिल्या वर्षात तोंड, मान आणि डायपरची जागा रोज नीट साफ होत असेल, तर पूर्ण आंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा घातली तरी चालते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची पहिली आंघोळ निदान २४ तास पुढे ढकला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगावरचा तो पांढरा लोण्यासारखा थर घाण नसतो, त्वचेचं संरक्षण असतं. तो खरवडून काढू नका.

आता "क्रीम कोणती?" मी उलट विचारते, कशासाठी? कोरडेपणा दिसतोय का, चट्टे आहेत का, खाज आहे का? काहीच नसेल तर रोज काहीतरी लावलंच पाहिजे असं अजिबात नाही. "लहानपणापासून मॉइश्चरायझर लावलं की पुढे इसब होत नाही," असं खूप जण लिहितात. ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांवर याचाच मोठा अभ्यास झाला, २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. ही सगळी बाळं जास्त धोक्याच्या गटातली होती, म्हणजे घरात कुणाला तरी इसब, दमा किंवा तशी ॲलर्जी असलेली. वर्षभर रोज लावूनही दोन वर्षांच्या वयात इसबाचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. उलट त्वचेचे संसर्ग किंचित जास्त दिसले. त्वचा कोरडी असेल तर जरूर लावा, आंघोळीनंतर लगेच लावलेलं उत्तम. इसब असेल तर भरपूर लावा, तो उपचाराचाच भाग आहे. पण ठणठणीत त्वचेला विम्यासारखं काही लावत बसू नका.

यामागचं कारण समजून घ्या. बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचं क्षेत्रफळ खूप जास्त असतं. त्यामुळे वर लावलेलं शरीरात जास्त प्रमाणात जातं. मी हे घाबरवायला सांगत नाही, पण एक घटना प्रत्येक पालकाला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. १९७२ साली फ्रान्समध्ये एका बेबी पावडरमध्ये कारखान्यातल्या चुकीमुळे हेक्साक्लोरोफीन नावाचं जंतुनाशक सुमारे ६ टक्के मिसळलं गेलं. ३६ मुलं दगावली. ती पावडर कुणी पोटात घेतली नव्हती, फक्त अंगाला लावली होती. डायपरखालच्या लालसर, सोललेल्या त्वचेतून ते विष रक्तात गेलं.

पावडरवरच आहोत तर तेही बोलून घेते. मागच्या वेळी मी "पावडर नको" म्हटलं, तर कमेंट आली, "आम्ही पावडरवरच मोठे झालो, काय झालं आम्हाला?" बरोबर आहे, बहुतेकांना काही होत नाही. पण धोका आहे तो श्वासातून फुप्फुसात जाणाऱ्या बारीक कणांचा, आणि डबा हातात घेऊन खेळणाऱ्या मुलाच्या तोंडावर तो उपडा होतो तेव्हा गंभीर प्रसंग ओढवतो. बऱ्याच पावडरींत असणाऱ्या टाल्क या खनिजाला तर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने "माणसांत कर्करोग होण्याची बहुधा शक्यता" असलेल्या गटात टाकलंय. जॉन्सन अँड जॉन्सनने २०२३ मध्ये टाल्कची बेबी पावडर जगभर बंद केली. बरं, तिचा फायदा कोणता? त्वचा कोरडी राहते. ते काम डायपर वेळेवर बदलला की होतं.

आता डब्यावरचे दावे. "हायपोॲलर्जेनिक", म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी, असं लिहिलं की आपण निर्धास्त होतो. अमेरिकेत १९७५ साली या दाव्यासाठी नियम केला होता, म्हणजे असं लिहायचं तर चाचणी दाखवा. कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तिथे या दाव्यासाठी ठरलेली चाचणी नाही. वास येत नाही म्हणून सुगंधी द्रव्य नाही, असंही समजू नका. मूळ वास झाकायला सुद्धा सुगंधी द्रव्य घालतात, म्हणून मागे घटकांची यादी वाचायची. ओल्या वाइप्स घेताना मेथिलआयसोथायझोलिनोन हे लांबलचक नाव शोधा. ते परिरक्षक आहे, म्हणजे माल खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन, त्याची ॲलर्जी बऱ्याच जणांना होते. त्वचेवर तसंच ठेवायच्या प्रसाधनांतून युरोपीय संघाने २०१७ पासून ते हद्दपार केलंय. वाइप्स प्रवासासाठी ठेवा. घरी पाणी आणि मऊ कापड बास झालं.

"पण ताई, हे नैसर्गिक आहे." ही कमेंट येणारच! नैसर्गिक असल्यामुळे त्वचेला चालतंच असं नाही. ऑलिव्ह तेलातलं ओलेइक आम्ल त्वचेच्या वरच्या संरक्षक थराची बांधणी बिघडवतं, आणि फुलापानांचे अर्क तर ॲलर्जीचं नेहमीचं कारण असतात. नवीन काहीही आणलं तर आधी मनगटाजवळ थोडंसं लावा आणि दोन-तीन दिवस बघा.

सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते घरात आधीपासून पडून असलेल्या ट्यूबबद्दल. माझ्या ओळखीतल्या एका आईने डायपरच्या पुरळाला कपाटातली, मोठ्यांच्या खाजेसाठी आणलेली क्रीम लावली. दोन दिवसांत लाली गेली, म्हणून लावत राहिली. त्यात तीव्र स्टिरॉइड होतं. स्टिरॉइड लाली दाबतं, मूळ दुखणं तसंच राहतं. आणि डायपर वरून झाकणासारखा बसत असल्यामुळे औषध कितीतरी जास्त आत शिरतं. डॉक्टरांनी याच बाळाला, याच वेळेला दिलेली क्रीम सोडून दुसरी कुठलीही ट्यूब डायपरखाली लावायची नाही. भावंडाची नाही, शेजारच्या बाळाची नाही, मागच्या वर्षीची पण नाही.

साध्या पुरळाला झिंक ऑक्साइडचं मलम, जाड थर. दर वेळी ते पूर्ण खरडून काढायचं नाही, वरची घाण पुसायची आणि परत थर द्यायचा. दिवसातला काही वेळ डायपरशिवाय. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, किंवा लाली घड्यांमध्ये शिरली आणि आजूबाजूला सुटे लाल ठिपके दिसले, तर बुरशी असू शकते, दाखवून घ्या. फोड, पू, ताप असेल तर त्याच दिवशी. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप असेल, तर पुरळ असो वा नसो, लगेच. आणि उन्हाचं विचारलं होतं कुणीतरी: सहा महिन्यांच्या आत सनस्क्रीनऐवजी सावली, टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे. त्यानंतर झिंक किंवा टायटॅनियम ऑक्साइडवालं.

चला, कपड्यांकडे वळू.

आधी मनावरचं ओझं उतरवते. सध्या ते व्हिडिओ फिरतायत ना, दोन वर्षांचं मूल मिनिटभरात टोपीपासून मोज्यांपर्यंत तयार? ते बघून किती आयांनी मला रडवेल्या स्वरात लिहिलंय. मला खरंच राग येतो. त्या मिनिटात काय काय कापलंय ते आपल्याला दिसत नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या विकासाच्या टप्प्यांमध्ये बघा: अडीच वर्षांला सैल पँट किंवा उघडं जॅकेट *काढता* येणं. तीन वर्षांला असं काहीतरी *घालता* येणं. चार वर्षांला काही बटणं सोडणं, पाच वर्षांला काही लावणं. म्हणजे आधी काढणं, मग घालणं. तुमचं दोन वर्षांचं लेकरू दिवसभर मोजे काढून फेकतंय ना? त्याचा अभ्यास चालू आहे, त्याला ओरडू नका.

आता आजची मुख्य गोष्ट. सगळे इथेच अडतात, म्हणून तीनदा सांगणार आहे.

शिकवताना शेवटची पायरी पहिली द्यायची. पँट घ्या. आपण काय करतो? मुलाला म्हणतो, "घाल." ते पाय घालायला जातं, दोन्ही पाय एकाच बाजूला जातात, चिडतं, आणि शेवटी पँट आपणच ओढून वर घेतो. म्हणजे सगळ्यात कठीण काम त्याला, आणि "झालं!" म्हणायचा आनंद आपल्याला. उलटं करा. पाय तुम्ही घाला, गुडघ्यापर्यंत आणा, मांडीपर्यंत आणा, आणि थांबा. कमरेपर्यंतचा शेवटचा हिसका त्याचा. ते जमलं की मग मांडीपासून त्याचं. मग गुडघ्यापासून. पाय घालणं सगळ्यात शेवटी. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणारे तज्ज्ञ, रोज याच पद्धतीने शिकवतात.

दुसऱ्या बाजूने बघू, मोजा. (मोजा हातात धरून) टाच हा अवघड भाग. मोजा बोटांवरून, टाचेवरून तुम्ही चढवा आणि घोट्याशी सोडा. वर ओढायचं काम मुलाचं. पुढच्या आठवड्यात टाचेखाली सोडा. माझ्या भाच्याला मोजे म्हटलं की रडू यायचं, कारण दर वेळी सुरुवातीलाच तो हरायचा. घोट्यापासूनचा भाग त्याच्याकडे दिल्यावर रडणं थांबलं, आणि काही दिवसांनी "मावशी, टाच पण मी" असं तोच म्हणायला लागला. आपल्याला हेच ऐकायचंय.

तिसरं, चेन. खालची जोडणी बारीक काम आहे, ती पाच वर्षांच्या मुलालाही जड जाते. ती तुम्ही लावा, चेन अर्ध्यावर आणा, वर नेणं त्याचं. चेनच्या टोकाला मोठी कडी अडकवा, बोटांना पकड मिळते. आणि इथे आपली कसोटी आहे: त्याचं चालू असताना हात मागे! "थांब, मी करते" हे वाक्य तोंडात आलं तरी गिळा. एक-दोन अंक मनात मोजा. खूप वेळा तेवढ्यात होऊन जातं.

सराव घाईच्या वेळी करायचा नाही. रात्री झोपायचे कपडे घालताना करायचा. छोट्या स्टुलावर बसवून, कारण एका पायावर तोल सांभाळत पँट घालणं लहानग्यांना जमत नाही. कपडे इलॅस्टिकचे, गळा मोठा, बुटांना वेलक्रो. समोर चित्र असलेला शर्ट घ्या, चित्र खाली करून पलंगावर पसरा, म्हणजे तो डोक्यातून सरळ जातो. पुढचं मागे झालं तरी चालू द्या, बाहेर जायचं नसेल तर दुरुस्त करूच नका.

एक अडचण फार जण लक्षात घेत नाहीत. आंघोळ झाली, क्रीम लावली, आणि लगेच म्हटलं "घाल शर्ट". बाही ओलसर, चिकट अंगाला चिकटणारच. मोठ्यांची सुद्धा सरकत नाही! पाच-दहा मिनिटं मुरू द्या, मग कपडे. इसब असलेली मुलं तर शिवण आणि टॅग टोचतात म्हणून घालायलाच नको म्हणतात. त्याला हट्ट समजू नका. टॅग उसवा, मऊ सुती कपडा द्या, नवीन असेल तर आधी धुवा. आणि रोज मलम लावत असाल तर हे ऐका: मलम मुरून वाळलेलं कापड साध्या कापडापेक्षा लवकर पेट घेतं, धुतल्यावरही अंश राहतो. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने यावर इशारा दिलाय. असे कपडे, चादरी उघड्या ज्वाळेपासून लांब ठेवा.

सुरक्षिततेच्या आणखी दोन गोष्टी. मोजे घालण्याआधी उलटे करून बघा. आतला लांब केस किंवा दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो आणि रक्त अडतं. बाळ विनाकारण रडत असेल तर पायाची बोटं तपासा. दुसरं, गळ्याला किंवा हुडला नाडी असलेले कपडे नकोत. नाडी घसरगुंडीत, दारात अडकून मुलं गुदमरली आहेत. ब्रिटनने १९७६ मध्येच मुलांच्या हुडच्या नाड्यांवर कायदा केला. घरात तसा कपडा असेल तर नाडी आजच ओढून काढा.

डॉक्टरांना कधी विचारायचं? आधी येत होतं ते बंद झालं, एकच हात वापरतं, किंवा तीन वर्षं उलटल्यावरही कपडे घालण्यात काहीच सहभाग नाही, साधा हातसुद्धा बाहीत पुढे करत नाही, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. लेस बांधणं पाच-सहा वर्षांनंतर, त्याची आता चिंता नको.

कमेंटमध्ये दोन गोष्टी लिहा, मुलाचं वय आणि नेमका कुठला कपडा अडतोय. त्यावर पुढचा व्हिडिओ करते. पुरळाचे फोटो मात्र इथे टाकू नका. फोटोवरून मी काही सांगणार नाही, आणि तुमच्या बाळाचा तसा फोटो सगळ्यांसमोर नको. ते डॉक्टरांनाच दाखवा.