जंगल किती उरलं ते नंतर, वाट उरलीय का ते आधी बघा
(ठाण्यातल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन)

मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. शहर वाढलं की आपण काय विचारतो, झाडं किती गेली, एकर किती गेले, आणि मग समोरून उत्तर येतं की बदल्यात अमुक ठिकाणी तेवढीच लावली, झाला हिशोब. पण प्राणीपक्ष्यांचं सगळं चालतं ते ये-जा चालू आहे का यावर. लोकलचं बघा, सगळी स्टेशनं चकाचक ठेवा आणि कुर्ला ते सायनचे रूळ तेवढे उचला, टक्केवारीत काहीच गेलं नाही, पण ठाणेकर सीएसएमटीला पोचणार कसा?

आता आपलं नॅशनल पार्क घ्या, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. साधारण 104 चौरस किलोमीटर, एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात, कौतुकच आहे. पण पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला आपण, दक्षिणेला आरे आणि त्याच्यापुढे सगळं काँक्रीट. बाहेर पडायची खरी वाट उरली ती उत्तरेला, आणि तिथे काय आहे, घोडबंदर रोड. रोडच्या पलीकडे नागला ब्लॉक, तोही पार्कचाच भाग, मग वसईची खाडी, मग तुंगारेश्वरचं अभयारण्य. रोज संध्याकाळी आपण ज्या ट्रॅफिकला शिव्या घालतो ना, तो या सगळ्या साखळीच्या बरोब्बर मध्ये उभा असतो.

तुम्हाला आजोबा माहितीय का, म्हणजे तो बिबट्या? 2009 मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला सापडला, बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय यांच्या टीमने आणि वनखात्याने त्याला जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडला, आणि हा पठ्ठ्या निघाला तो चालतच. आग्रा हायवे ओलांडला, रेल्वे लाईन ओलांडली, वसईच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून गेला, खाडी पोहून पार केली आणि थेट मुंबईच्या पार्कात, सव्वाशेएक किलोमीटर. लोकांनी फार काही बघितलं नाही त्याला, कारण तो रात्री चालायचा. यावरून काय कळतं, तर वाट अजून होती, फाटकी का होईना. आणि 2011 मध्ये तोच आजोबा अहमदाबाद हायवेवर गाडीखाली मेला, शेपटीतल्या चिपमुळे ओळख पटली. वाट केवढी धोक्याची झालीय तेही त्यानेच सांगितलं म्हणायचं.

अशी वाट पूर्ण बंद झाली की वयात आलेला नर जाणार कुठे, एकतर दुसऱ्या नराशी मारामारी नाहीतर सोसायटीच्या कंपाउंडमध्ये, आणि बाहेरून नवं रक्त आलं नाही की पिढ्यान्‌पिढ्या आपापसातच संबंध. बेडूक, साप यांना तर साधा चार लेनचा रस्तासुद्धा पुरतो अडवायला, त्यांच्या बातम्या होत नाहीत एवढंच.

खाडीपलीकडचं बघा आता. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आलं, छान. पण ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा फ्लेमिंगो तिथे खातात, आणि भरती आली की तो चिखल पाण्याखाली, मग टेकायचं कुठे? तेव्हा ते उडून नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येतात. या जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर, तिथे बिल्डिंगचे प्लॅन पडतात, किंवा भरतीचं पाणी आत यायचे पाइप बुजतात आणि तळं आटतं. खाडीतल्या एका इंचालाही हात न लावता अभयारण्य निकामी करायची ही सोपी युक्ती आहे बघा.

कुणीतरी बोगद्याचं विचारलं. ठाणे-बोरिवली रस्त्याचा बोगदा पार्कच्या खालून नेणं हे वरून रस्ता फाडण्यापेक्षा कितीतरी बरं, मला त्यात शंका नाही. माझं लक्ष दोन्ही तोंडांवर आहे, तिथे जो रस्ता रुंद होतो, दिवे लागतात, दुकानं येतात, त्याचा विचार कोण करतंय?

तर डेव्हलपमेंट प्लॅनवर हरकती मागवतात तेव्हा फॉर्म भरा, पण झाडांचे आकडे विचारत बसू नका. नाल्याच्या काठाला मोकळी पट्टी किती सोडलीय, रस्त्याखालच्या मोरीतून बिबट्या जाऊ शकेल एवढी उंची आहे का, आणि मोरी संपते तिथे पलीकडे कुणाची भिंत तर नाही ना, हे विचारा. झाडं किती लावणार ते काय, न विचारता सांगतातच.