सडा पडला का?

(पहाट. कोरेगाव तालुक्यातली एक वाडी. खराट्याचा आवाज.)

सकाळचे सहा. बादलीत शेण कालवून आजी उंबऱ्याबाहेर येतात. वय पंचाहत्तरच्या पुढं. नक्की किती, ते आधार कार्डालाच विचारायचं. दोन ओंजळी डावीकडं, दोन उजवीकडं, मग खराटा. समोरच्या घरातली सून चूल पेटवता पेटवता एकदा इकडं बघते आणि आत जाते.

हे बघणं आम्हाला दाखवायचंय.

कुणाकडं पाहुणा आला, कुणाच्या चुलीवर काय शिजलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. शहरातली माणसं याला चोंबडेपणा म्हणतात. गावातली पण म्हणतात. कोरोनात या चोंबडेपणाची दोन्ही तोंडं वाडीनं पाहिली.

(शाळेचा व्हरांडा. बंद वर्ग.)

ज्याचं कुणी मुंबईत नाही, असं घर सातारा जिल्ह्यात शोधावं लागतं. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला आणि मे महिन्यात हे मुंबईकर मिळेल त्या गाडीनं गावाकडं निघाले. वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत. ज्यांच्या वर्गणीनं देवळाचा कळस चढला, ते व्हरांड्यात पत्रावळीवर जेवत होते. तिथवर ठीक. भीती खरीच होती. पण बरं होऊन आलेल्या माणसाला पारावरून उठवलं, त्याच्या घरचं दूध कुणी घेईना, याला भीती म्हणता येत नाही. ते कुणी कुणी केलं, वाडीला आजही पाठ आहे.

साथी या मुलखाला नव्या नाहीत. प्लेगात गावंच्या गावं रानात झोपड्या घालून राहिली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला तर लोकांनी नावच मानमोडी ठेवलं. याच जिल्ह्यातलं नायगाव हे सावित्रीबाई फुल्यांचं माहेर. १८९७ च्या प्लेगात मुलगा डॉक्टर यशवंत यांच्या पुण्याजवळच्या दवाखान्यात त्या रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आल्या, त्यात लागण झाली आणि १० मार्चला गेल्या. इंग्रज सरकारचा साथरोग कायदा त्याच सालचा. महाराष्ट्रानं १३ मार्च २०२० ला लागू केला, तो हाच.

(आजींचं घर. कोनाड्यात डबे.)

आजी एकट्या राहतात. मुलगा-सून मुंबईला. बीपी आणि शुगर दोन्ही. लॉकडाऊनच्या पहिल्या पंधरवड्यात मदतीला नुसती झुंबड. किट, फोटो, व्हॉट्सॲप. एका आठवड्यात आजींच्या घरात तीन किलो साखर जमली. साखर! मधुमेहाच्या बाईला! काढ्याचं तर विचारू नका. सुंठ, मिरं, लवंग, दिवसातून चारदा. निम्म्या वाडीच्या पोटात आग पडली होती.

जूनमध्ये फोटोवाले थांबले. आजींच्या गोळ्या मात्र दर महिन्याला संपायच्या त्या संपतच होत्या. निराधार योजनेचे १००० रुपये आणायला बँकेत जायचं, आणि एसटी बंद.

मग समोरच्या सुनेनं एक युक्ती काढली. पाकिटात चार गोळ्या उरल्या की आजींनी जुनं रिकामं पाकीट कपड्याच्या चिमट्यानं खिडकीच्या गजाला लावायचं. डेअरीला दूध घालायला जाणारा पोरगा ते बघायचा आणि येताना मेडिकलमधून तेच घेऊन यायचा. चिठ्ठी नाही, फोन नाही. नाव वाचता येत नसलं तरी पाकीट चुकत नाही.

आणि गप्पा. या ओट्यापासून त्या ओट्यापर्यंत बारा-पंधरा फुटांचा रस्ता. सरकार सांगत होतं ते अंतर इथं आयतंच होतं. चार वाजता दोघी आपापल्या ओट्यावर बसायच्या, मध्ये रस्ता, आणि सगळी वाडी ऐकेल एवढ्या आवाजात एकमेकींना गुपितं सांगायच्या.

सड्याचं कुणी ठरवलं नव्हतं. एकदा सात वाजले तरी अंगण कोरडं. सुनेनं हाक मारली, "आज्जे, उठलीस न्हवं?"

आतून उत्तर आलं, "मेले न्हाय अजून! पाय आखडल्यात नुसतं."

तेव्हापासून रोज सकाळी तिकडं नजर.

(आशाताईंची पिशवी. ऑक्सिमीटर.)

मे २०२१. दुसरी लाट. आजींचा लसीचा एक डोस झालेला. त्या सकाळी अंगण कोरडं आणि हाकेला ओ नाही. सुनेनं आधी आशाताईंना फोन लावला, मग तोंडाला पदर घट्ट बांधून दार ढकललं, खिडकी सताड उघडली. आजी अंथरुणावर जाग्या होत्या, बोलत होत्या. दम लागत नाही म्हणत होत्या. या रोगाची हीच लबाडी. ऑक्सिजन उतरत असतो आणि माणूस म्हणतं, मला काय झालंय!

ऑक्सिमीटर बोटाला लावला तर आकडाच येईना. बोटं गार पडलेली. आशाताईंनी तळहातात धरून ती चोळली, परत लावला. ८९. चौऱ्याण्णवच्या खाली आला की घरी थांबायचं नसतं, हे त्यांना तोंडपाठ. १०८ ला फोन केला. गाडी येईस्तोवर आजींना पालथं झोपवलं, छातीखाली आणि पायाखाली उशा. पालथं झोपलं की फुप्फुसाच्या मागच्या भागातही हवा खेळते, आकडा थोडा सावरतो. ९१ झाला. गाडी चाळीस मिनिटांनी आली.

अकरा दिवसांनी आजी परत आल्या. तेवढे दिवस त्यांच्या अंगणात समोरची सून सडा टाकत होती. का, असं विचारलं तर म्हणाली, "कोरडं बघवंना."

(दाराच्या आतली भिंत. कॅमेरा जवळ.)

दारामागं स्केचपेननं मोठ्या अक्षरांत नंबर लिहिलेत. आरोग्य केंद्र, आशाताई, मेडिकल, जीपवाला. परवा दिवाळीत घराला रंग दिला, तेव्हा रंगारी तेवढा चौकोन सोडून बाजूनं मारत गेला. जीपवाल्याचा नंबर मध्यंतरी बदललाय. आजींनी तो नातीकडून खाली नव्यानं लिहून घेतलाय, आणि जुनाही खोडू दिलेला नाही. लागला तर लागला.