टेम्पो घेतला, आता गाव कुठलं धरायचं?

नमस्कार मंडळी. आज टेम्पोच्या हौद्यातच बसून बोलतोय, कारण बाहेर उभं राहिलं की आवाज फार येतो. शेजारच्या वर्कशॉपमधला ग्राइंडर मधेच सुरू होईल, तेवढं सांभाळून घ्या.

परवा भूम तालुक्यातून एका पोराचा फोन आला. पिकअप बुक केलीय, डाऊन पेमेंटसाठी दोन म्हशी विकल्या. "दादा, चाकणला येऊ का भिवंडीला जाऊ?" मी म्हटलं, "चाकणच का रे?" तर म्हणाला, "तिथं कंपन्या लई आहेत ना."

हेच, अगदी हेच वाक्य मी 2016 साली बार्शी सोडताना घरच्यांना ऐकवलं होतं. आणि ते खोटं नाही. महिंद्रा, बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज, सगळे चाकणच्या पट्ट्यात आहेत. तळेगाव चौकात उभे राहा, डोळे दमतील एवढा माल तुमच्यासमोरून जाईल. फक्त तो तुमच्या गाडीतून जात नाही.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. एका मोठ्या कंपनीत बिन, म्हणजे सुट्या भागांचे क्रेट, घेऊन गेलो. नाव नको. सकाळी साडेसातला गेटवर टोकन घेतलं. पुढे किती गाड्या? बावीस. अकराला गेटच्या आत गेलो. आत गेल्यावर कळलं की चलनावर एक आकडा चुकलाय, पुरवठादाराकडून नवीन चलन येईपर्यंत बाजूला लावा. दुपारी स्टोअरवाल्याची शिफ्ट बदलली. माल उतरला संध्याकाळी सव्वापाचला. चाळीस किलोमीटरच्या भाड्यात माझा अख्खा दिवस गेला. हॉल्टिंग, म्हणजे थांबून राहिल्याचे पैसे, मागितले तर दलाल हसला. म्हणाला, हॉल्टिंग ट्रकवाल्यांना, तेही चोवीस तासांनंतर.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मोठी कंपनी सगळी वाहतूक मोठ्या ट्रान्सपोर्टला कंत्राटाने देते. त्याच्याकडे गाडी कमी पडली तर तो दलालाला फोन करतो, आणि दलाल आपल्याला. म्हणजे माल आपल्यापर्यंत तिसऱ्या हाताने येतो. भाडं दोन ठिकाणी कापून झालेलं असतं, पैसे दीड-दोन महिन्यांनी, आणि तेही पोहोच, म्हणजे माल मिळाल्याची सहीची पावती, हरवली नाही तर.

मग मी काय केलं? जिल्हा बदलला नाही. पंधरा-वीस किलोमीटर मागे सरकलो, पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीत आलो.

आता हे नीट बघा. (बिनमधला एक तुकडा कॅमेऱ्यासमोर धरतो.) हा लोखंडी तुकडा. फाउंड्रीतून ओतून आला तेव्हा खडबडीत होता. एका शॉपमध्ये लेथवर टर्निंग झालं. तिथून दुसरीकडे ड्रिलिंग. मग हीट ट्रीटमेंटला. परत ग्राइंडिंगला. शेवटी प्लेटिंगला, आणि तिथून कंपनीत. सहा हात. प्रत्येक हातात दोन-पाच किलोमीटरचं अंतर, आणि माल किती, तर तीनशे-चारशे किलो. एवढ्यासाठी कुठला शॉपवाला स्वतःची गाडी पोसणार? तो फोन करतो. दलालाला नाही, मला. संध्याकाळी पैसे देतो, फार तर शनिवारी.

म्हणून गाव निवडताना मी एकच बघतो. तिथून किती माल बाहेर जातो हे नाही, तर एकच माल त्या गावात किती हात फिरतो. चारशे किलोमीटरवर जाणारा माल ट्रकवाल्याचा. गावातल्या गावात फिरणारा माल छोट्या हत्तीचा. टाटा एस 2005 साली आली आणि लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं, ते उगाच नाही. ट्रक जिथे वळत नाही त्या बोळात ती पाऊण टन घेऊन जाते.

आता थोडं गणित. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमच्याकडचे टाकून बघा. डिझेल 90 च्या आसपास धरू. चाकणहून वाशीचं भाडं मिळालं, समजा 5,000. ऐकायला किती छान वाटतं! जाऊन-येऊन 240 किलोमीटर, पिकअपने 12 चा अॅव्हरेज दिला तर 20 लिटर, म्हणजे 1,800. एक्सप्रेसवेचा टोल एप्रिल 2023 च्या वाढीनंतर टेम्पोला एका बाजूचा 495 होता, तोच धरला तर दोन्हीकडचा 990. हातात राहिले 2,210. आणि वाशीत माल वेळेत उतरला तर! नाहीतर रात्र गाडीतच.

दुसरीकडे, गावातल्या गावात पाच फेऱ्या, फेरीला समजा 600. झाले 3,000. दिवसभरात 70 किलोमीटर, सहा लिटर, 540 रुपये. हातात 2,460, आणि जेवण घरचं. टायर कमी झिजले ते वेगळंच.

वाशीहून परतीचं भाडं मिळालं तर पहिलं गणित पालटतं, मान्य. पण नवख्याला परतीचं भाडं कोण देणार? ते ओळखीवर मिळतं, आणि ओळख व्हायला एक-दोन वर्षं जातात. तोपर्यंत हप्ता थांबत नाही. हप्ता 18,000 असेल आणि महिन्याचे 26 दिवस धंदा धरला, तर रोज सकाळी उठल्याउठल्या तुमच्यावर जवळजवळ 700 रुपये चढलेले असतात. गाडी उभी असली तरी.

(ग्राइंडर. थांबा जरा. ... झालं.)

तर असा हातोहात फिरणारा माल अजून कुठे आहे? मला विचाराल तर पहिलं नाव इचलकरंजी. लोकांच्या डोक्यातच येत नाही हे गाव, कारण तिथे मोठ्या कंपन्यांच्या पाट्या नाहीत. पण यंत्रमागाचा धंदा बघा कसा चालतो. सुताच्या गोण्या गोडाऊनमधून सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावतात तिथे. सायझिंगमधून भरलेले बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, मागवाल्याच्या शेडवर, रिकामे बीम परत सायझिंगला. म्हणजे परतीचं भाडं तिथेच तयार! विणलेलं कोरं कापड व्यापाऱ्याकडे, तिथून प्रोसेसला, म्हणजे धुवायला-रंगवायला. सगळं एका गावात आणि आजूबाजूला. गडबड एकच, की सूत महागलं, कापडाला उठाव नसला, की माग बंद पडतात आणि गावातली सगळी चाकं एकदम थांबतात. भोसरीत निदान मोटारीचं काम थंडावलं तर पंपाचं, ट्रॅक्टरचं काहीतरी चालू असतं.

भिवंडीबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून सविस्तर सांगतो. भिवंडीत दोन वेगळे धंदे आहेत. एक जुना, यंत्रमागाचा, जवळपास इचलकरंजीसारखा. दुसरा गोडाऊनचा. मानकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडा, ही गोडाऊन तिथे का उभी राहिली? मुंबईत माल शिरला की जकात लागायची. मग माल हद्दीबाहेर भिवंडीत उतरवायचा, आणि विकला जाईल तसा छोट्या गाडीतून आत न्यायचा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. लोकांना वाटलं, आता गोडाऊन ओस पडणार. झालं उलटं, ऑनलाइन खरेदीवाले येऊन बसले. आता तर समृद्धी महामार्गही जून 2025 पासून नागपूरपासून थेट भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत, 701 किलोमीटर, पूर्ण सुरू झालाय.

माल आहे, प्रश्नच नाही. पण तिथे दिवसाला फेऱ्या किती होतात? मानकोली नाक्यावरचा जाम ज्याने बघितलाय त्याला विचारा. त्यात वाराई. नवख्यांनो, हा शब्द पाठ करा. माल चढवायच्या-उतरवायच्या हमालीचे पैसे म्हणजे वाराई, आणि बऱ्याच ठिकाणी ते गाडीवाल्याच्या खिशातून जातात. 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणून वाहतूकदारांनी आवाज उठवला तो याच्यासाठीच. माथाडी कामगारांचा कायदा 1969 चा आहे, त्यांचं काम कष्टाचं, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पैसे कोणी द्यायचे, एवढाच मुद्दा. भाडं ठरवतानाच फोनवर विचारायचं, "वाराई कोणाकडे?" हे विचारायला लाजलात तर संध्याकाळी हिशोब लागणार नाही.

नाशिककडे जायचा विचार असेल तर शेतमाल समजून घ्या. लासलगाव, पिंपळगाव, निफाड, दिंडोरी. कांदा, टोमॅटो, द्राक्षं. हंगामात पिकअपला उसंत नसते. टोमॅटोचं भाडं कॅरेटवर ठरतं, पंधरा-वीस कॅरेटवाले तीन-चार शेतकरी मिळून एक गाडी भरतात. पण दोन गोष्टी आहेत. एक, तिथल्या बऱ्याच शेतकऱ्यांच्या दारात स्वतःची पिकअप आहे, आणि तो शेजाऱ्याचाही माल नेतो. दुसरी, हा माल सरकारच्या एका कागदावर थांबतो. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली ती थेट मे 2024 ला उघडली. त्या दिवसांत मधेच लिलाव बंद, भाव पडलेले, भाडं कोण देणार? शेतमालावर गाडी लावायचीच असेल तर सोबत सातपूर-अंबडच्या एमआयडीसीची दोन गिऱ्हाइकं धरूनच लावा.

घरसामानाच्या शिफ्टिंगचं थोडक्यात. वाकड, हिंजवडी, तिकडे भाडेकरार अकरा महिन्यांचे, त्यामुळे कोणी ना कोणी कायम घर बदलत असतं. पण ते महिन्याच्या शेवटी आणि शनिवार-रविवारी दाटून येतं, सोसायटीचा वॉचमन संध्याकाळी सहानंतर लिफ्ट देत नाही, आणि सोबत तुमच्या विश्वासाची दोन पोरं लागतात. फ्रिजला पोचा आला की भाडं गेलं. एकट्या माणसाचा हा धंदा नव्हे. बाजूला ठेवायला चांगला.

कागदांचं. गाडी घ्यायच्या आधी एकूण वजन बघा, म्हणजे गाडी आणि माल मिळून. ते 3,000 किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. काही पिकअपचं वजन तीन हजाराच्या जरासंच खाली ठेवलेलं असतं, ते याचसाठी. लायसन्सचं म्हणाल, तर साडेसात टनाखालची मालगाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर चालवता येते, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये तेच कायम केलं. जिल्हा बदलला म्हणून नंबरप्लेट बदलावी लागत नाही, राज्य तेच आहे. पत्ता मात्र 30 दिवसांत आरटीओत कळवायचा. आणि ओव्हरलोड! 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात 20,000 दंड, वर दर जास्तीच्या टनाला 2,000. "अजून दोन गोण्या टाक, काय होतंय" म्हणणारा दंड भरायला येत नाही. माझे मागचे स्प्रिंगचे पाटे असेच एकदा गेलेत.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. रात्री गाडी कुठे लावणार? चाकणजवळ म्हाळुंगे, खराबवाडीला खोली मिळते, पण खोलीसमोर पिकअप लावायला जागा नसते. रस्त्यावर लावली तर पहिल्या पावसाळ्यात माझी बॅटरी चोरीला गेली. खोली बघताना घरमालकाला आधी गाडीचं विचारा, मग नळाचं. आणि नाक्यावरची जी टेम्पोवाल्यांची संघटना असेल, तिथे पहिल्या दिवशी जाऊन चहा घ्या. नंबर कसा लागतो, बाहेरच्याला कधी घेतात, सगळं विचारा. मधे घुसलात तर तिथे तुम्हाला कोणी जॅकसुद्धा देणार नाही.

कुटुंब लगेच आणू नका. रेशन आता कुठेही मिळतं, पण पोराची शाळा मधेच तोडायची आणि तीन महिन्यांत परत फिरायचं, हे हाल मी शेजारच्या खोलीत बघितलेत.

त्या भूमच्या पोराला मी एवढंच म्हटलं, गाडी यायच्या आधी तीन दिवस हातात वही घेऊन जा. ज्या गावाचा विचार आहे तिथल्या टेम्पो नाक्यासमोर, चहाच्या टपरीवर सकाळी सातला बस. उभ्या असलेल्या टेम्पोंचे नंबर लिही. गाडी भरून गेली की नंबरापुढे एक काटी, म्हणजे उभी रेघ. परत येऊन पुन्हा गेली की दुसरी काटी. संध्याकाळी सातला मोज. गुरुवार टाळ, आमच्याकडे पुष्कळ शॉपना त्या दिवशी सुट्टी असते, चुकीचं चित्र दिसेल.

तो आधी चाकणला आला, मग मावसभावाकडे इचलकरंजीला गेला. काल रात्री व्हॉट्सअॅपवर वहीच्या दोन पानांचे फोटो आलेत. चाकणच्या पानावर अकरा नंबर आणि बहुतेकांपुढे एक काटी, तिघांपुढे काहीच नाही. इचलकरंजीच्या पानावर एका तीनचाकी टेम्पोपुढे सात काट्या आहेत, आणि बाजूला पेन्सिलीने लिहिलंय, "हा माणूस दुपारी घरी जेवून आला."