अदाशाच्या रस्त्यावरची लांब पोळी

नमस्कार श्रोतेहो.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास नागपुरातल्या बऱ्याच घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आज बाहेरच जेवू." या 'बाहेर'चा अर्थ माझ्या डोळ्यांदेखत बदलला. लहानपणी बाहेर म्हणजे इतवारी, गांधीबाग, गोळीबार चौक, फार तर बर्डी. आता बाहेर म्हणजे शहराबाहेर. गाडी काढायची, काटोल नाका ओलांडायचा, नाही तर उमरेड रोड, हिंगणा रोड, अमरावती रोड, ज्याला जी दिशा जवळ ती. आणि एखाद्या शेताच्या धुऱ्याला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये जाऊन बसायचं. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर आणि बाहेर झाडाखाली तीस-चाळीस गाड्या.

अशाच एका भोजनालयाबद्दल आज बोलणार आहे. त्याचं नाव मात्र सांगणार नाही. एक तर आकाशवाणीवरून जाहिरात झाल्यासारखं होईल, आणि दुसरं म्हणजे पुढच्या रविवारी मलाच तिथे जागा मिळणार नाही.

गेल्या थंडीत मुलगा आणि सून पुण्याहून आले होते. आईच्या मनात अदाशाच्या गणपतीला जायचं होतं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, माहेर काटोलकडचं. कळमेश्वर, मग चंद्रभागेच्या काठावरचं धापेवाडा, तिथे विठोबाला हात जोडायचे आणि पुढे अदासा. शेंदूर ल्यालेली ती उंच मूर्ती डोळे भरून पाहायची आणि परतताना जेवायचं, असा बेत. इथपर्यंत सगळे एका सुरात होते. वाद सुरू झाला तो जेवणात काय यावर.

मुलाला सावजी मटण हवं होतं. पुण्यात 'नागपुरी सावजी' अशी पाटी पाहून आत गेलो की गोड रस्सा मिळतो, ही त्याची दोन वर्षांची तक्रार. आई म्हणाली, गणपतीचं दर्शन घेतलेल्या तोंडी मटण नाही. त्यावर चिरंजीव म्हणाले, "मग आधी जेवू, नंतर दर्शन घेऊ." गाडीत जी शांतता पसरली, ती फेटरी येईपर्यंत टिकली. शेवटी बायकोनं तोडगा काढला. पाटोडी खायची. रस्सा सावजीचाच, आत मटणाऐवजी बेसनाची वडी. देवही खूश, पोरगाही खूश. आईनं एकच अट घातली, मटणाच्या भांड्यातला पळा पाटोडीत बुडवायचा नाही. ही अट हॉटेलवाल्याला सांगायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली.

भोजनालयाच्या मालकानं माझं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "गणपतीवरून येऊन राहिले नं जी? चूलच अलग हाये." म्हणजे आमच्यासारखी घरं त्याला नवीन नव्हती.

पाटोडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नागपूरबाहेरच्या पाहुण्यांना ती साधी वडी वाटते. बेसन तिखटमिठात शिजवून थापायचं, त्यावर सुकं खोबरं, खसखस आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरायचा. वड्या कापून वेगळ्या ठेवायच्या. रस्सा वेगळा उकळत असतो. वडी रश्शात पडते ती ताट वाढताना, त्याआधी नाही, नाही तर तिचं पिठलं होतं. रश्शाचा काळपट रंग येतो भाजलेल्या मसाल्यातून. धणे, मिरे, लवंग, मसाला वेलची, दगडफूल, खसखस, खोबरं, प्रत्येकाची भाजणी वेगळी. दाटपणासाठी भाजलेलं ज्वारीचं पीठ. हलबा कोष्टी समाजातल्या विणकरांच्या घरचा हा स्वयंपाक, आणि त्यात पूर्वी जवसाचं तेल असायचं. मागावरचं काम कमी होत गेलं तसं घरातल्या बायांच्या हातची चव खानावळींतून विकली जाऊ लागली, असं जुन्या नागपुरात सांगतात. जवसाचा वास आता फार कुठे येत नाही. ज्यांनी लहानपणी तो घेतलाय, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

सावजी म्हटलं की लोक तिखटाचंच बोलतात. भिवापूर आपल्याच जिल्ह्यातलं, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा तो अभिमान समजण्यासारखा आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. मिरचीतला तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाहीच. म्हणून तोंड पोळल्यावर तांब्याभर पाणी ढोसून उपयोग होत नाही, उलट ते तिखट तोंडभर फिरतं. ताक घ्या, दही घ्या, भातावर तुपाची धार घ्या. आणि "कमी तिखट करा" असं सांगू नका. रस्सा सकाळीच झालेला असतो, तो आता कोण कमी करणार? "तर्री बाजूला" असं सांगा. वरचं तेल काढलं की अर्धं तिखट त्याच्यासोबत जातं. माझ्या सुनेनं त्या दिवशी असंच केलं आणि आमच्याआधी जेवून मोकळी झाली.

पण अदाशाच्या रस्त्यावरच्या त्या भोजनालयापुढे चाळीस गाड्या लागतात, त्या रश्शासाठी नव्हेत. रस्सा चांगला आहे, पण तसा रस्सा नागपुरात वीस ठिकाणी मिळेल. गाड्या लागतात त्या शेडच्या मागच्या अंगाला, कडुलिंबाखाली बसणाऱ्या एका बाईंसाठी. सगळे त्यांना काकू म्हणतात. पाटीवर नाव मालकाचं आहे, गर्दी काकूंची. काकू लांब पोळी करतात.

आमची ऑर्डर देऊन पाऊण तास झाला. पोटात कावळे ओरडत होते. मी उठून मागे गेलो. "काकू, अजून किती वेळ?"

त्यांनी वर पाहिलंही नाही. "बसा नं जी. हाताची हाये, मिशिनची नोहे."

मी बसलो नाही, तिथेच उभा राहिलो आणि पाहत राहिलो. तीन दगडांच्या चुलीवर मडकं उपडं घातलेलं, त्याची पाठ धुरानं काळी. खाली पऱ्हाट्या जळत होत्या. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या काड्या त्या, लगेच पेटतात, लगेच विझतात, म्हणून काकूंच्या डाव्या हाताशी पऱ्हाट्यांचा ढीग आणि दर पोळीमागे दोन काड्या आत. परातीत कणीक. तिला कणीक म्हणावं की दाट खीर, असा प्रश्न पडावा इतकी ती सैल. बारीक दळलेल्या, वस्त्रगाळ केलेल्या गव्हाचं पीठ मीठ-पाण्यात भिजवून मुरू द्यायचं आणि मग आपटायचं. आपटायचं म्हणजे खरंच आपटायचं, मूठ भरून उचलायची आणि परातीत फेकायची. पुन्हा उचलायची. त्या आवाजाला एक ताल होता, थाप, थाप, मध्ये ओल्या हाताचं पाणी, पुन्हा थाप. गव्हातल्या चिकाला ताण आला की कणकेला तार सुटते. ती तार सुटली की काकू थांबायच्या.

मग एक गोळा उजव्या तळहातावर. तो ओघळू लागायचा, तेवढ्यात डावा हात खाली. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत, तो गोळा आपल्याच वजनानं ताणत जायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. तीन-चार फेऱ्यांत त्याचं धोतराच्या सोग्यासारखं पातळ झुळझुळीत पटल व्हायचं, त्यातून पलीकडचा जाळ दिसायचा. आणि मग दोन्ही हात एकदम मडक्यावर. पोळी मडक्याच्या पाठीवर बसली की कडा खाली लोंबायच्या, बुडबुडे यायचे, मिनिटाच्या आत काढायची आणि रुमालासारखी चौघडी घालून टोपलीत. हाताच्या चटक्यांचं काय, ते काकूंच्या कोपरापर्यंतच्या कातडीवर दिसत होतं. तिथे केस नव्हते.

इथे मला एक जुनी चीड काढू द्या. शहराला लागूनच अशी एक जागा आहे जिथे 'गावरान' हे नुसतं सजावटीचं काम असतं. दारात रंगवलेली बैलगाडी, तिच्यात चढून फोटो काढायचे. वाढणारी पोरं धोतर-फेट्यात, फेटा दर दोन मिनिटांनी सावरतात. आम्ही एकदा गेलो होतो. लांब पोळी मागवली, पाच मिनिटांत आली. एवढ्या लवकर आली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. डब्यात ठेवून वाफेनं चिवट झालेली, सकाळी कधी तरी केलेली. रश्शात बुडवली तर भिजेना. बिल मात्र ताजं होतं. त्या बैलगाडीला बैल कधीच जुंपले नसावेत, तिच्या चाकांना वंगण नव्हतं आणि धूळही नव्हती.

काकूंच्या हाताला पर्याय नाही, हे मालकालाही ठाऊक आहे. मागे एकदा आम्ही गेलो तर दारावर खडूनं लिहिलेली पाटी, 'आज लांब पोळी नाही'. काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. मालक गल्ल्यावर मान खाली घालून बसला होता. तव्यावरच्या पोळ्या होत्या, भाकरी होती, गोळाभात होता. तरी लोक गाडीची काचही खाली न करता परत फिरत होते. तीन आठवडे ती पाटी तशीच होती म्हणे. त्यानं दोन बायांना शिकायला बसवलं, त्यांची कणीक तरी फाटायची नाही तर मडक्यावरून घसरायची. एक बाई चौथ्या दिवशी म्हणाली, यापेक्षा निंदण बरं, आणि शेतात कामाला गेली. समृद्धी महामार्गावरून ताशी एकशेवीसनं निघालेल्या माणसाला कुठलंच मडकं दिसत नाही, ती गोष्ट वेगळी. पण गावच्या रस्त्यावर थांबणाऱ्या माणसाला एका बाईचं बाळंतपणाला जाणंही ताटात कळतं.

तर, त्या गणपतीच्या रविवारी मी चुलीपाशी उभा होतो, आणि माझ्यामागून काठी टेकत आई आली. परातीत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "काहून व, पाणी जास्त नाही झालं का?"

मला वाटलं, आता काकू तडकणार. काकूंनी पहिल्यांदाच मान वर केली. आईकडे पाहिलं, तिच्या मनगटांकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही करत होत्या का?"

"चाळीस माणसाचं घर होतं. पाहुणे आले का मडकंच."

काकूंनी पाट सरकवला. मी "आई, अगं" म्हणेपर्यंत आई बसलीसुद्धा. गुडघ्याचं दुखणं घरी राहिलं होतं बहुतेक. मालक धावत आला, "माय, तुम्ही बसा नं तिकडे, चटका लागन." त्याला कोणी उत्तर दिलं नाही. आईनं हात ओले केले, गोळा उचलला, आणि मला आठवलं की हे मी पाहिलेलं आहे, पाच-सहा वर्षांचा असताना, माजघरात धुरात बसून. डाव्या हातावर पटल आलं, उजव्यावर गेलं, तिसऱ्या फेरीला तिचा खांदा थोडा मागे पडला आणि पोळीला मधोमध भोक पडलं. तशीच तिनं ती मडक्यावर टाकली. काकू काही बोलल्या नाहीत. दोन पऱ्हाट्या जास्तीच्या आत सारल्या. ती पोळी एका अंगानं करपली, दुसऱ्या अंगानं जरा कच्ची राहिली.

ती माझ्या ताटात आली. पाटोडीचा रस्सा भोकातून थेट ताटात पडत होता, तरी मी ती सगळी खाल्ली. आई समोर बसून काकूंची पोळी खात होती आणि दर घासाला म्हणत होती, "पाणी जास्तच हाये."

जेवण उरकलं. बडीशेप झाली. बिल आलं, मी सवयीनं मोजलं. पाटोडी पाच, ताक पाच, भात दोन, पोळ्या सहा. आम्ही सात खाल्ल्या होत्या. मी मालकाला म्हणालो, एक पोळी राहिली लिहायची.

तो गल्ला बंद करत म्हणाला, "फाटलेली आम्ही विकत नाही जी."

नमस्कार.