जमैकाची घसरगाडी, कर्द्याची वाळू

नमस्कार मंडळी.

समितीने बजावलंय, कोकणावर बोला, पण आंबा-फणस नको. ठीक आहे, मी जमैकावर बोलतो.

१९९३ साली डिस्नीचा ‘कूल रनिंग्ज’ आला. कॅलगरीच्या १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बॉबस्लेड, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, घेऊन उतरलेल्या जमैकाच्या चौघांची गोष्ट. आमच्या दापोलीकडे तो केबलवर लागायचा. बर्फ आम्हीही हर्णैच्या बंदरात पापलेटांवर टाकलेलाच पाहिलेला, त्यामुळे थंडीने त्यांचे दात वाजू लागले की आम्ही लोळायचो.

गेल्या मे महिन्यात पडवीत भाच्यांबरोबर तो पुन्हा पाहिला. मध्येच लाइट गेली, उरलेला लॅपटॉपच्या बॅटरीवर. जॉन कँडीचा कोच मला पूर्वी अगदी कंटाळवाणा वाटायचा. कधी एकदा याचं बोलणं संपतंय आणि गाडी सुटतेय, असं व्हायचं. आता गाडी सुटली तरी माझी नजर त्याच्यावरच. पदकाच्या हावेपायी गाडीत वजनं लपवलेला आणि मग जमैकात तोंड लपवून बसलेला माणूस! पात्र काल्पनिक आहे, पण कँडीने ते काय उभं केलंय. सिनेमा आल्यावर सहा महिन्यांच्या आत, मार्च १९९४ मध्ये, तो गेलाच.

खटकलं ते वेगळंच. सिनेमात पूर्व जर्मनीवाले या चौघांना हिणवतात, प्रकरण मारामारीवर जातं. लहानपणी त्या जर्मनांना आम्ही मनसोक्त शिव्या घातल्या. प्रत्यक्षात मात्र इतर देशांच्या संघांनी जमैकावाल्यांना चार गोष्टी शिकवल्या, आपल्या राखीव गाड्यासुद्धा वापरायला दिल्या.

हे तर आमच्या कर्द्याच्या किनाऱ्यासारखंच झालं. ओहोटीला ओल्या, टणक वाळूत वाडी विरुद्ध वाडी मॅच. आमचा गडी कमी पडला की समोरचेच आपला एक पोरगा द्यायचे. बॅट दोन्ही टीमना मिळून एकच. तो उसना पोरगा आपल्याच वाडीच्या बोलरला धुवायचा आणि बोलर भर किनाऱ्यावर त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा! पण पुढच्या वेळी पोरगा परत मिळायचाच. भांडत बसायला सवड कुणाला? भरती चढली की स्टंप वाहून जायचे. आमच्याकडे टोमणे मदत करता करताच मारतात. विनोदाला खलनायक लागत नाही, हे त्या पटकथावाल्यांना कोकणात चार दिवस राहून कळलं असतं.

शेवट आठवतोय? नट ढिला होतो, गाडी उलटते आणि चौघे ती खांद्यावर घेऊन रेष ओलांडतात. खरं कारण साधं होतं: चालवणारा नवखा आणि वेग अफाट. त्यातला ख्रिस स्टोक्स तर भावाचा खेळ बघायला आला होता. एक गडी जायबंदी झाला म्हणून त्याला आयत्या वेळी गाडीत बसवलं. गाडी त्यांनी उचलली नाही, तिच्यासोबत चालत गेले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“मग खांद्यावर का दाखवली, मामा?” धाकट्याने विचारलं.

आई आतून म्हणाली, “शिमग्याला पालखी काय हातगाडीवरून नेतात?”

आईपुढे कोण बोलणार! पण मला ते चालत जाणंच जास्त आवडतं.

पुढे १९९४ ला लिलेहॅमरमध्ये जमैकाची चौघांची गाडी चौदावी आली, अमेरिका आणि रशियाच्याही पुढे. हे ऐकून थोरला भाचा म्हणाला, “तेव्हा गाडी कुणाची मागून आणलेली?”