जाळी आणि शंभर फूट

(जुनं चित्रण : दिल्ली, चाणक्यपुरी. जाळीतून उतरणारं ऊन.)

ही जाळी नीट पाहा. संगमरवराची वाटते, पण नाही. सिमेंटमध्ये संगमरवराची खडी कालवून हे चौकोनी ठोकळे साच्यात ओतले आणि एकावर एक रचत इमारतीच्या चारही बाजूंनी पडदा उभा केला. जाळीच्या आत काचेची भिंत. ऊन बाहेरच थोपतं, उजेड तेवढा आत येतो. चौथऱ्याखाली गाड्या, वर कचेऱ्या आणि मधोमध हे पाणी. त्यातली झाडं बघा, आणि पाण्यावरून जाणारी वाट.

अमेरिकेचा दिल्लीतला हा दूतावास. वास्तुविशारद एडवर्ड ड्युरेल स्टोन. 1 सप्टेंबर 1956 रोजी अमेरिकेचे सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी कोनशिला बसवली, 3 जानेवारी 1959 रोजी उद्घाटन झालं. नेहरू आले होते.

दिल्लीच्या उन्हाला जाळीचं उत्तर देणं मोगलांना ठाऊक होतं. पण अमेरिकेच्या सरकारी कचेरीला ते सुचलं कसं?

त्यामागे एक खातं आहे. 1926 साली अमेरिकेच्या संसदेने कायदा करून परदेशातल्या सरकारी इमारतींसाठी वेगळी व्यवस्था लावली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातले देश अमेरिकेचे देणेकरी झाले. डॉलर त्यांच्याकडे नव्हते. मग वसुली म्हणून जमिनी आणि इमारती घेतल्या. 1954 पासून वास्तुविशारदांची एक सल्लागार समिती नकाशे तपासू लागली. इमारत ज्या देशात उभी राहणार, तिथल्या हवेशी आणि रीतीशी तिचं जमलं पाहिजे, हा तिचा आग्रह. चाणक्यपुरीची जाळी त्या आग्रहातून आली.

(वॉशिंग्टन. परराष्ट्र खात्याची इमारत.)

2001 पासून परदेशातल्या इमारतींच्या या खात्याचं नाव ओव्हरसीज बिल्डिंग्ज ऑपरेशन्स, म्हणजे ओबीओ. त्याचा संचालक सहायक परराष्ट्रमंत्र्याच्या तोडीचा. जागा घेणं, भाड्याने लावणं, नकाशा, बांधकाम, आगीपासून बचावाची व्यवस्था, विक्री, सगळं त्याच्या खात्याकडे. राजदूताच्या घराचं छप्पर गळलं तरी कागद इथेच येतो. राजदूत बदलत राहतात. इमारत मात्र रस्त्यावर पन्नास वर्षं उभी राहते आणि येणारा-जाणारा तिच्याकडे बघूनच त्या देशाविषयी मत बनवतो. या संचालकाच्या खुर्चीची कुणी बातमी करत नाही, याचं आम्हाला नवल वाटतं.

(मॉस्को. विटांची उंच इमारत.)

ही अमेरिकेच्या मॉस्कोतल्या दूतावासाची इमारत. काम 1979 मध्ये सुरू झालं. काँक्रीटचे तयार भाग सोव्हिएत कारखान्यांतून आले, आणि येतानाच त्यांच्या पोटात चोरून ऐकण्याची यंत्रं होती. 1985 मध्ये काम थांबलं. पुढे वरचे मजले उतरवून अमेरिकेतून आणलेल्या माणसांनी आणि सामानाने ते पुन्हा बांधले. इमारत पूर्ण वापरात यायला 2000 साल उजाडलं.

(नैरोबी, 7 ऑगस्ट 1998. निवेदन नाही.)

केनियातलं नैरोबी आणि टांझानियातलं दार-ए-सलाम इथल्या अमेरिकी दूतावासांवर बॉम्बहल्ले झाले. दोन्हीकडे मिळून 224 माणसं गेली. त्यातले अमेरिकी 12. नैरोबीतली कचेरी भर चौकात, रस्त्याला लागून होती, आणि राजदूत प्रुडन्स बुशनेल यांनी त्याबद्दल आधीच इशारे दिले होते.

1999 मध्ये कायदा झाला : नवा दूतावास आवाराच्या हद्दीपासून किमान शंभर फूट आत. शहरात, मोक्याच्या जागी एवढी मोकळी जमीन कुठून मिळणार? दूतावास शहराबाहेर गेले. 2001 मध्ये संचालक म्हणून आले निवृत्त मेजर जनरल चार्ल्स विल्यम्स, लष्कराचे अभियंते. त्यांनी ठरीव नकाशा आणला : लहान, मध्यम, मोठा. देश कुठलाही असो, मापात बसवायचा. कामं झपाट्याने झाली. पण या चित्रांची नावं झाकून देश ओळखून दाखवा! मॉलच्या मागची बाजू असावी, तशा दिसतात या इमारती. इस्तंबूलची कचेरी मात्र 2003 मध्ये गजबजलेल्या बेयोग्लूतून हलली आणि त्याच वर्षी तिथल्या ब्रिटिश वकिलातीवर बॉम्बहल्ला झाला, हेही नोंदवलं पाहिजे.

(मुंबई, भुलाभाई देसाई रोड. बंद फाटक.)

आता आपल्याकडे. ब्रीच कँडीचं हे लिंकन हाउस. मूळचा वांकानेर पॅलेस, 1930च्या दशकातला. वास्तुविशारद क्लॉड बॅटली, जे. जे.मध्ये कित्येकांना शिकवलेले. 1957 मध्ये अमेरिकेने तो आपल्या मुंबईतल्या वकिलातीसाठी 999 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला. व्हिसासाठी पहाटेपासून याच फुटपाथवर रांगा लागायच्या. मुंबईतल्या किती घरांतली मुलं इथूनच अमेरिकेला गेली! आमच्या कॅमेऱ्याला फाटकाच्या आत जाता आलं नाही. बाहेरून दिसतो तेवढा वाडा पाहा, समुद्राकडे तोंड केलेला.

इथे रस्त्यापासून शंभर फूट काढणार कुठून? नोव्हेंबर 2011 मध्ये वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. 2015 मध्ये सायरस पूनावाला यांच्याशी 750 कोटींचा सौदा जाहीर झाला. पण जमिनीच्या हक्कावरून सरकारी हरकती निघाल्या, आणि ताबा वर्षानुवर्षं अडकून पडला.

चाणक्यपुरीत मात्र 28 एकर आवार होतं. तिथे आत सरकायला जागा होती, म्हणून नवी इमारत शेजारी घेऊन स्टोनची जाळी जागच्या जागी ठेवायचं ठरलं.